बुजरे मासे

सुरत शहर मागे टाकून तापीच्या मुखाकडे निघाले की अखेरीस हजीरा लागते. आज हे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे उभे राहतात ते कारखाने, वायूच्या प्रचंड टाक्या, बंदराचे धक्के आणि रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी. परंतु या उद्योगनगरीच्या कडेला खाडीचा चिखल अजून आहे, आणि ओहोटी लागली की त्या चिखलावर एक लहानसा जीव दिसू लागतो. कोकणातले कोळी त्यास निवटी म्हणतात. गुजरातीत तो लेवटा. मासा असूनही निवटी पाण्याबाहेर परांवर रेटा देत सरपटते, मधूनच उडी घेते. तिचे डोळे डोक्याच्या अगदी माथ्यावर असतात. कोणाची चाहूल लागली, एखाद्या बगळ्याची सावली सरकली, की क्षणार्धात चिखल मोकळा होतो. काही वेळ गेला म्हणजे बिळाच्या तोंडाशी प्रथम दोन डोळे वर येतात, मग डोके, आणि मग सारी निवटी पुन्हा पूर्ववत चरू लागते. भरतीओहोटीच्या त्या उघड्या मैदानावर इतका चिमुकला मासा इतक्या धिटाईने वावरतो, याचे कारण त्याचे शौर्य नव्हे. त्याचे बीळ जवळ आहे, एवढेच त्याचे कारण.

आता या निवटीच्या शेजारी आपल्या बैठकीच्या खोलीतील माशांची टाकी ठेवून पाहावी. चारही बाजूंना स्वच्छ काच, तळाशी निळ्या रंगाची खडी, वर झगझगीत दिवा. पाहणाऱ्याच्या सोयीचे सर्व काही आहे. माशाला आड व्हावयास मात्र तसूभरही जागा नाही. मग तो एका कोपऱ्यात अंग चोरून उभा राहतो, फिल्टरच्या नळीमागे दडतो, कोणी जवळ येताच काचेवर आदळतो. घरातील माणसे म्हणतात, हा मासा आजारी आहे, किंवा दुकानदाराने फसविले. पुष्कळदा दोन्ही खरे नसते. मासा बुजलेला असतो. गाय बुजली, बैल बुजला, तर ते ओळखण्याइतके शहाणपण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. मासा बुजतो हे मात्र आपल्या ध्यानी येत नाही, कारण तो ओरडत नाही आणि त्याच्या डोळ्यांना पापणीही नसते.

हजीऱ्याच्या कारखान्यांत आणि सुरतेच्या गिरण्यांत खानदेशातून आलेली मराठी माणसे फार. सुरत-भुसावळ लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडील कुटुंबे या बाजूस आली आणि येथेच स्थिरावली. अशा एखाद्या कुटुंबाचे घर कल्पनेत आणावे. वडील पाळीवर काम करणारे. एक आठवडा सकाळपाळी, पुढचा रात्रपाळी. घर मोठ्या रस्त्याला लागून, त्यामुळे अवजड मोटार गेली की खिडकीची तावदाने थरथरतात. मुलाच्या वाढदिवसाला दोन फुटांची टाकी आणि पाच मासे घरात आले. मुलाने दुकानात उभे राहून एकेक जात निवडली: एक निऑन टेट्रा, एक सोनमासा, एक पट्टेदार झेब्रा, एक टायगर बार्ब आणि एक एंजल. पाच मासे, पाच रंग. मुलाच्या दृष्टीने यात चूक ती कोणती? दप्तरातल्या रंगीत खडूंच्या पेटीत तरी एकाच रंगाचे पाच खडू कोण ठेवतो?

टाकी दरवाजाजवळच्या टेबलावर, दूरदर्शन संचाच्या शेजारी ठेवली गेली. मासे लपू लागले, तेव्हा मुलाने त्यांना बाहेर काढण्यासाठी काचेवर टिचक्या मारल्या. मासे आणखी आत गेले. रविवारी वडिलांनी कर्तव्यबुद्धीने टाकी रिकामी केली, खडी नळाखाली खळखळ धुतली, काच घासली, नवे पाणी भरले आणि मासे परत सोडले. मंगळवारी निऑन मेला. गुरुवारी झेब्रा. मुलाने रडून घर डोक्यावर घेतले. गावाहून आलेल्या आजी कोपऱ्यात बसून हे सर्व पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, नवी म्हैस दावणीला बांधली म्हणजे तुझे आजोबा तिच्या अंगावर गोठ्याचा दिवासुद्धा धरू देत नसत. दोन दिवस तिला तिच्या जागी राहू द्यायचे. तुम्ही त्या माशांना घटकाभर तरी बसू दिलेत का?"

आजींच्या या प्रश्नाला जीवशास्त्राचा भक्कम आधार आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. माशाच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ गेलेली दिसते. तिला पार्श्विक रेखा म्हणतात. या रेषेतील सूक्ष्म संवेदी पेशींना पाण्याची यत्किंचित हालचाल समजते. अंधारात शेजारून कोण गेले, हे माशाला अंगानेच कळते. शिवाय मासा ऐकतो. त्याला बाहेरचा कान नाही, म्हणून तो बहिरा असावा, अशी समजूत दीर्घकाळ होती. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९२३ साली एका लहानशा मार्जारमीनाविषयी लिहिले. हा मासा आंधळा होता. अन्न देताना शीळ घालावयाची, असा क्रम काही दिवस चालविल्यावर नुसती शीळ ऐकताच तो आपल्या दडणीतून बाहेर येऊ लागला. मधमाश्यांच्या नृत्याचा उलगडा करून १९७३ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले ते हेच फ्रिश. कटला, रोहू, सोनमासा, झेब्रा, टेट्रा आणि मार्जारमीन ही सारी मंडळी तर ऐकण्यात विशेष तरबेज. कारण त्यांच्या शरीरात वाताशयापासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी असते. वाताशय ढोलाच्या कातड्याप्रमाणे थरथरतो आणि ही हाडे तो थरकाप कानापर्यंत पोहोचवितात. काचेवर मारलेली टिचकी आपल्याला हलकी वाटते. आतल्या जिवाला ती घराच्या भिंतीवर घातलेल्या घणासारखी वाटत असल्यास नवल नाही.

याच फ्रिश यांनी १९३८ साली आणखी एक गोष्ट जगापुढे मांडली. मिनो नावाच्या लहान माशांच्या थव्यात त्यांनी एक जखमी मासा परत सोडला, आणि पाहता पाहता सारा थवा घाबरून पळाला. शोध घेता असे आढळले की, माशाची त्वचा दुखावली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरते आणि त्याचा वास येताच जातभाई सावध होतात. त्यास भयद्रव्य म्हणावे. वर उल्लेखिलेल्या तीक्ष्ण कानांच्या माशांच्या विशाल कुळात हा गुण पुष्कळ जातींत आढळतो. म्हणून ज्या घरात मासा पकडण्यासाठी जाळी घेऊन पाचपाच मिनिटे टाकीभर पाठलाग चालतो, तेथे एका माशाची खवले निघतात आणि भीती मात्र साऱ्यांच्या वाट्यास येते. जाळी फिरवावयाचीच असेल तर दोन घ्याव्यात; एक स्थिर धरावी, दुसरीने माशाला हळूच तिकडे वळवावे. त्याहून बरे म्हणजे काचेचा पेला पाण्यात आडवा धरून मासा आपण होऊन आत येण्याची वाट पाहणे. याला वेळ लागतो, हे कबूल.

माशाला वेदना होते की नाही, हा विद्वानांमध्ये अद्याप वादाचा विषय आहे. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचले. मासे तळातील खडीवर ओठ घासू लागले, आणि मॉर्फीन दिल्यावर हे प्रमाण घटले. मेंदूच्या रचनेचा दाखला देऊन हा निष्कर्ष अमान्य करणारे शास्त्रज्ञही आहेत. परंतु भयाच्या बाबतीत घरगुती टाकीच्या मालकाला या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. घाबरलेल्या माशाच्या रक्तात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते. माणसाच्या रक्तातही चिंतेच्या काळी हेच वाढते. क्षणभराच्या धोक्यात ते उपकारक. पण भीती रोजचीच झाली की माशाची रोगाशी झुंजण्याची शक्ती ओसरते, आणि पाण्यात दबा धरून बसलेला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला गाठतो. टाकीतला मासा रोगाने मेला, असे आपण म्हणतो. त्या रोगाला दार कोणी उघडून दिले, हा पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

माशाची भीती मोजण्याची एक पद्धत आता प्रयोगशाळांत रूढ आहे, आणि तिचा नायक आपल्याच देशाचा आहे. झेब्रा मासा हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या परिसरातील ओढ्याओहोळांचा व भातखाचरांचा रहिवासी. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ साली त्याचे वर्णन केले. हा मासा अनोळखी टाकीत सोडला की प्रथम तळाशी जातो व तेथेच राहतो. धीर आला म्हणजे तो हळूहळू वरच्या पाण्यात फेरफटका मारू लागतो. वर येण्यास त्याला किती वेळ लागला, यावरून त्याच्या भीतीचा अंदाज बांधतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, भयद्रव्याचा वास आला असतानाही शेजारी आपला थवा नजरेस पडला, तर झेब्रा मासा पुष्कळ कमी घाबरतो. हे वाचले म्हणजे वाढदिवसाच्या त्या टाकीतील एकट्या झेब्र्याची आठवण होते. चार सोबती होते, पण त्यांतला एकही त्याच्या जातीचा नव्हता.

तेव्हा उपाय सुरू होतो तो दुकानातच. थव्याने राहणारे मासे थव्यानेच घ्यावेत: निऑन टेट्रा, झेब्रा, बार्ब यांपैकी कोणतीही एक जात, आणि तिचे निदान सहा, शक्य तर आठ-दहा मासे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा टाकीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्यात आठ निऑन सुखाने नांदतात. सोनमासा मोठा होणारा आणि थंड पाणी मानवणारा. त्याचा संसार वेगळा हवा. एंजल मासा वाढला की निऑनला खाऊन टाकतो, ही गोष्ट दुकानदार सांगतोच असे नाही. टायगर बार्ब एकटा असला की दुसऱ्यांची शेपटी कुरतडतो. स्वजातीयांत असला की ती खोड आपसांतील झटापटीत जिरते. 'मिस केरळ' या नावाने विकला जाणारा, लाल-काळ्या पट्ट्यांचा देखणा बार्ब सह्याद्रीच्या दक्षिणेकडील नद्यांतला. फ्रान्सिस डे यांनी १८६५ साली त्याची नोंद केली. आज तो धोक्यात आलेल्या जातींत गणला जातो. वाहत्या पाण्यात थव्याने पोहणारा हा मासा लहान टाकीत एकटा ठेवला तर झाकणावर उड्या मारतो. तो घेऊच नये, हे उत्तम.

हौशी मत्स्यपालकांच्या अनुभवाची आणखी एक युक्ती आहे. काही मासे जात्याच लाजाळू. आपल्या गुहेतून बाहेर येण्यास ते धजत नाहीत. अशा टाकीत वरच्या पाण्यात निर्धास्तपणे बागडणारे लहान मासे सोडले की लाजाळू मासे धीट होतात. उघड्यावर इतरांना निर्धास्त पाहिले म्हणजे जवळपास शत्रू नाही, असा अर्थ मासा घेत असावा. रानात पाखरांची किलबिल अकस्मात थांबली की हरिण कान टवकारते, त्याचीच ही उलट बाजू.

सोबत्यांइतकेच महत्त्व आडोशाचे. येथे पुष्कळांची समजूत उलटी असते. लपावयास जागा दिली तर मासा दिसणारच नाही, मग टाकीचा उपयोग काय, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात लपण्याची जागा हाताशी असलेला मासाच उघड्यावर येतो. जागा नसलेला मासा कोपऱ्यात खिळून राहतो. हजीऱ्याच्या चिखलातील निवटी रोज हेच दाखवीत असते. यासाठी बाजारातील प्लॅस्टिकचे किल्ले आणि तोंड उघडणारे मगर-सांगाडे आणण्याची गरज नाही. कुंभाराचे न रंगविलेले लहान मडके आडवे ठेवावे. त्याची कड फुटली असेल तर घासून गुळगुळीत करावी. नारळाची करवंटी उकळून, तंतू काढून पालथी घालावी. दगड ठेवताना त्यावर लिंबाचे थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर त्यात चुना आहे, आणि तो पाणी जड करील. पाणवनस्पती दाट लावाव्यात, त्या मागच्या बाजूस व कडांना. मधली जागा पोहण्यास मोकळी ठेवावी. पाण्यावर तरंगणारी थोडी झाडे असली की वरचा प्रकाश गाळून येतो. मोकळ्या आकाशाखाली राहणाऱ्या लहान जिवाला पक्ष्याची भीती असते. डोक्यावर छप्पर आले की ती निवते.

शाळांच्या पटांगणांत देशी बदामाचे झाड असते. पानगळीत त्याची मोठी, तांबूस पाने खाली पडतात. आग्नेय आशियातील मत्स्यपालक ही वाळलेली पाने पूर्वापार वापरीत आले आहेत. स्वच्छ धुतलेले एखादे पान टाकीत ठेवले की त्यातील टॅनिन पाण्यात उतरते आणि पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो. निऑनच्या ॲमेझॉन खोऱ्यातील मूळ ओहोळांचे पाणी असेच तांबूस व मंद उजेडाचे असते. घरातील मंडळी मात्र हा रंग पाहून पाणी घाण झाले म्हणतात आणि बदलून टाकतात! रस्त्याच्या कडेची, धूळ व तेल बसलेली पाने घेऊ नयेत. फवारणी झालेल्या झाडाची तर मुळीच नव्हे.

टाकीच्या जागेविषयी एक धडा सुरतेतच घेता येतो. शहरातून हजीऱ्याकडे जाताना पाल हा भाग लागतो. तेथे सुरत महानगरपालिकेचे जगदीशचंद्र बोस मत्स्यालय २०१४ साली सुरू झाले. वनस्पतीही आघाताला प्रतिसाद देतात, हे दाखविण्यासाठी ज्या शास्त्रज्ञाने आयुष्य वेचले, त्याचे नाव माशांच्या घराला लाभावे, हा योग मोठा समर्पक आहे. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. अशा सार्वजनिक मत्स्यालयांची ठेवण लक्षपूर्वक पाहिली तर एक गोष्ट जाणवते. प्रेक्षकांचा मार्ग अंधारा असतो आणि उजेड असतो तो पाण्यात. अशा वेळी काच आतल्या बाजूने आरशाचे काम करते आणि माशाला बाहेरची गर्दी धड दिसत नाही. घरी आपण नेमके याच्या उलट करतो. रात्री टाकीचा दिवा मालवितो आणि खोलीतील नळीदिवा लावून ठेवतो. मग खोलीत ये-जा करणारे प्रत्येक माणूस माशाला भल्यामोठ्या आकृतीच्या रूपाने दिसते. म्हणून टाकीच्या मागील व दोन्ही कुशींच्या काचांवर बाहेरून गडद कागद चिकटवावा. एकच बाजू उघडी राहिली की माशाला पाठीमागची चिंता उरत नाही.

टाकी दारापासून, ध्वनिवर्धकापासून आणि कपडे धुण्याच्या यंत्रापासून दूर असावी. दोन फुटांची भरलेली टाकी साठ-सत्तर किलो वजनाची होते, तेव्हा तिची बैठक भक्कम हवी. टाकीखाली थर्माकोलचा जाड तक्ता घातला की काचेला सारखा आधार मिळतो आणि रस्त्यावरील मोटारींचे हादरेही काही अंशी शोषले जातात. हवेचा पंप काचेला टेकवून ठेवू नये. त्याची गुणगुण रात्रंदिवस पाण्यात उतरते. तो उशीसारख्या मऊ वस्तूवर, पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, म्हणजे वीज गेली तरी नळीवाटे पाणी उलटे यावयाचे नाही.

पाळीवर काम करणाऱ्या घराची अडचण वेगळीच. वडील रात्री बारा वाजता घरी येतात, दिवा लावतात, आणि काळोखात विसावलेला मासा दचकून काचेवर आदळतो. माशाला पापणी नाही, आणि त्याच्या डोळ्याची बाहुली आपल्यासारखी चटकन लहान होत नाही. अंधारातून उजेडाशी जुळवून घेण्यास त्याला पुष्कळ मिनिटे लागतात. अशा घरी टाकीच्या तोंडाशी रात्री एक जाडसर कापड सोडावे. सकाळी प्रथम खिडकीचा उजेड येऊ द्यावा, मग खोलीचा दिवा आणि शेवटी टाकीचा. मालविताना हाच क्रम उलटा. दहा-बारा तास अंधार हा त्यांचा हक्क समजावा. निऑनचा लखलखीत रंग रात्री फिका पडतो, ते मात्र भीतीचे लक्षण नव्हे. सकाळी दिवा लागताच दिसणारा फिका मासा पाहून औषधांच्या बाटल्या उघडणारे लोक काही कमी नाहीत.

रविवारच्या धुलाईविषयी थोडे कठोरपणे बोलावयास हवे. स्वच्छतेची आवड हा सद्गुण खरा, पण टाकीच्या बाबतीत तो प्राणघातक ठरतो. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निर्माण होतो. तो विषारी आहे. स्पंजावर व खडीवर वस्ती करणारे उपकारक जंतू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती उभी राहण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने सर्व धुऊन काढले की ती एका तासात नाहीशी होते. माशाला तर आठवड्यातून एकदा जाळीत धरले जाते, बादलीत टाकले जाते, आणि ओळखीची एकही खूण वा वास नसलेल्या नव्या घरात सोडले जाते. त्याने निर्धास्त व्हावे तरी केव्हा? आठवड्याला चौथा हिस्सा पाणी नळीने काढावे. मासे टाकीतच राहू द्यावेत. त्या काढलेल्या पाण्यातच स्पंज हलक्या हाताने पिळून घ्यावा. नवे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जाते. जेथे पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरतात तेथे ते नुसते ठेवून जात नाही, त्यासाठी दुकानात मिळणारे क्लोरीननाशक वापरावे. पाणी हाताला सारख्याच उष्णतेचे लागले पाहिजे, आणि ते बादलीने न ओतता हळूहळू सोडले पाहिजे.

काचेचा गोल हंडा घरात असेल तर तो फुलांसाठी ठेवावा. त्यात पाणी थोडे, कोपरा नाही, आणि वळलेल्या काचेतून बाहेरचे जग वेडेवाकडे दिसते. इटलीतील मोंझा या नगराने २००४ साली अशा वक्र काचेच्या भांड्यात मासे ठेवण्यास बंदी घातली. पुढील वर्षी रोमनेही गोल भांड्यांबाबत तेच केले. हा कायदा वाचून हसणारे पुष्कळ निघाले असतील.

घाबरलेला मासा आणि गुदमरलेला मासा यांत भेद केला पाहिजे. पर अंगाशी मिटून घेणे, रंग उतरणे, अन्नाकडे पाठ फिरविणे, काचेवरून सतत वरखाली धावणे, ही बहुधा भयाची चिन्हे. पण मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागला, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा अमोनिया वाढला आहे असे समजावे. तेथे आडोशाने काही साधत नाही, लगेच काही पाणी बदलावयास हवे. दगडावर अंग घासणे व पांढरे ठिपके दिसणे हे रोगाचे लक्षण.

नव्या माशांच्या आगमनाचा दिवस हा साऱ्यांत नाजूक. चेन्नईतील कोळत्तूर किंवा कोलकात्याच्या परिसरात शोभेच्या माशांची मोठी पैदास होते. तेथून सुरतेपर्यंतचा प्रवास पिशवीत झालेला असतो. दुकानातून घरी नेताना पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळावी. अंधारात मासा शांत राहतो. घरी टाकीचा दिवा बंद करून बांधलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी. मग ती उघडून टाकीतील थोडेथोडे पाणी तीन-चार वेळा आत घालावे, मासा अलगद सोडावा आणि पिशवीतील पाणी टाकून द्यावे. मात्र लांबच्या प्रवासातून थेट आलेली पिशवी उघडल्यावर रेंगाळू नये. साठलेला कर्बवायू उडून जातो, पाण्याची आम्लता घटते आणि तोवर सौम्य असलेला अमोनिया एकाएकी जहाल होतो. पहिल्या दिवशी खाणे देऊ नये आणि दिवाही लावू नये. घरात आलेल्या पाहुण्यांना टाकी दाखविण्याचा मोह दोन दिवस आवरावा.

त्या कल्पिलेल्या घरी पुढे काय घडले असेल? सोनमासा व एंजल दुकानदाराने परत घेतले असतील. बार्ब शेजाऱ्यांच्या चार फुटी टाकीतील जातभाईंत गेला असेल. रिकामी टाकी आतल्या कोपऱ्यात, थर्माकोलवर, तीन बाजूंना काळा कागद लावून उभी राहिली. आजींनी गावाकडच्या मडक्याची कड दगडावर घासून दिली. एकदोनच मासे ठेवून, जंतूंची वस्ती जमेपर्यंत महिना-दीड महिना थांबावे लागले, आणि हा काळ मुलाला फार कठीण गेला. मग निऑनची संख्या आठ झाली. पहिल्या संध्याकाळी एकही दिसेना. मुलाचा हात काचेकडे गेला. आजींनी नुसते पाहिले, हात मागे आला. मडक्याच्या तोंडाशी अंधारात एक निळी रेघ हलली. रोज सायंकाळी सात वाजता, त्याच हाताने, त्याच कोपऱ्यात चिमूटभर खाणे पडू लागले. पाचव्या दिवशी सहा मासे मोजता आले. आठवडा संपला तेव्हा वडील रात्रपाळीवर निघण्यापूर्वी बूट चढवीत टाकीसमोर बसले होते. बाहेरून एक मालमोटार धडधडत गेली, मासे एकदम झाडांत शिरले, आणि वडिलांनी दुसऱ्या बुटाचे बंद बांधून होण्यापूर्वीच एकामागून एक बाहेर आले. "बाबा," मुलगा कुजबुजला, "आठ."